‘फॉरमॅट करू का?’ विचारलं, तर आधी ‘नाही’ म्हणा

कडेगावात कुणाच्या माळ्यावर फ्लॉप्यांचा डबा निघाला, की तो माझ्याकडे येतो. कुणाची लग्नपत्रिका असते, कुणाचा मोहरमच्या उंच ताबुतांवरचा लेख, कुणाचा सोसायटीचा ताळेबंद. फ्लॉपी घातली की संगणक विचारतो, ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का?’ आपण ‘नाही’ म्हणायचं. आमच्या शेजारच्या काकांनी ‘हो’ दाबलं आणि वडिलांच्या हयातीतला सगळा हिशेब गेला.

फॉरमॅट म्हणजे काय? कोऱ्या रानात बांध घालून वाफे पाडावेत, तशी चकती वर्तुळांत आणि तुकड्यांत आखायची. १.४४ एमबीच्या फ्लॉपीला दोन्ही बाजूंनी ८०-८० वर्तुळं, प्रत्येकात १८ तुकडे, तुकड्यात ५१२ अक्षरं. मग सुरुवातीच्या वाफ्यांत एक नोंदवही, म्हणजे फॅट. कोणती फाइल कुठल्या तुकड्यांत आहे, हे ती सांगते, आपल्या सातबाऱ्यासारखीच. क्विक फॉरमॅट ही नोंदवही कोरी करतो. पूर्ण फॉरमॅटमध्ये पिकासकट रान नांगरलं जातं.

आता फ्लॉपी हातात घ्या. साडेतीन इंची असेल तर कोपऱ्यातली सरकती खिट्टी बघा. भोक उघडं ठेवलं की फ्लॉपीवर लिहिता येत नाही, म्हणून ते उघडंच ठेवा. सव्वापाच इंचीचं उलटं: तिच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की लिहिणं बंद होतं. इथेच फार जण फसतात.

मग धातूची झडप हळूच सरकवून चकती उजेडात धरा. पांढरट बुरशीचे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. वाचणाऱ्या टोकाला घाण चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते.

साडेतीन इंचीला समोरच्या कोपऱ्यातही भोक असेल तर ती १.४४ एमबीची, नसेल तर ७२० केबीची. पण काही जुन्या यंत्रांना हे भोक ओळखताच येत नसे, त्यांनी १.४४ ची फ्लॉपीही ७२० म्हणून आखली. आजचा ड्राइव्ह भोक बघतो आणि गोंधळतो. अशा वेळी भोकावर चिकटपट्टी लावून पुन्हा घालून बघा. माझ्या टेबलावर पट्टीचा रोल कायम असतो, तो याचसाठी.

यूएसबीचा ड्राइव्ह १.४४ वाचतो, ७२० प्रत्येकाला जमेलच असं नाही. सव्वापाच इंचीला मात्र जुना संगणकच शोधावा लागतो. १९८४ पासून आलेल्या १.२ एमबीच्या ड्राइव्हचं टोक अरुंद. तो ३६० केबीची फ्लॉपी नीट वाचतो, पण तिच्यावर लिहिलं तर रुंद रेघेच्या मधोमध बारीक रेघ पडते आणि मूळ यंत्राला दोन्ही एकदम दिसतात. म्हणून त्यात फक्त वाचा.

सगळं ठीक असूनही ‘फॉरमॅट नाही’ येतंय? फ्लॉपी मॅकिंटॉशची असू शकते; छपाईच्या धंद्यात ती यंत्रं होती. मॅकची १.४४ एमबीची फ्लॉपी आखणीत आपल्यासारखीच, नोंदवही तेवढी वेगळी. विंडोजला ती कळत नाही, लिनक्सला कळते. मॅकची ८०० केबीची फ्लॉपी मात्र फिरण्याचा वेग बदलत लिहिलेली असते. ती पीसीच्या साध्या ड्राइव्हला वाचताच येत नाही.

वाचता आली, की एकेक फाइल उघडत बसू नका. आधी अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे इमेज, संगणकावर उतरवा. चकती किती वेळा साथ देईल याचा भरवसा नसतो. फाइलचं नाव सहा अक्षरांनंतर तुटून पुढे नागमोडी खूण आणि १ दिसलं, तर घाबरू नका. लांब नावं विंडोज ९५ पासून आली; जुना डॉस ती अशीच दाखवतो.

शेवटी फाइल उघडते आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, चिन्हं दिसतात. फ्लॉपी खराब नाही, मजकूरही शाबूत आहे. तो श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, युनिकोडमध्ये नाही. तोच फॉन्ट संगणकात टाका, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढा. जोडाक्षरं आणि रफार तेवढे डोळ्यांनी तपासा. परिवर्तक तिथेच हमखास चुकतो.