दाखवलेला नमुना, मिळालेला माल

भिवंडीच्या कापडबाजारात नमुना एक आणि ताका दुसरा निघाला, तर तक्रार एका गाठीपुरती राहत नाही. ती पेढीच्या नावावर येते. घरातील तरुण मुले ज्या अवकाशखेळांत रमतात, त्या जगातही २०१६ साली असाच प्रसंग घडला.

इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील ‘हॅलो गेम्स’ या छोट्या कंपनीने त्या ऑगस्टमध्ये ‘नो मॅन्स स्काय’ हा खेळ बाजारात आणला. १८ या आकड्यापुढे १८ शून्ये मांडावीत, इतके ग्रह त्यात आहेत. सेकंदाला एक ग्रह पाहिला, तरी सारे पाहण्यास ५७ हजार कोटींहून अधिक वर्षे लागतील. एवढे ग्रह हातांनी रेखाटणे अशक्यच. गणिती सूत्रे ते घडवतात.

अपेक्षा आकाशाएवढी होती, म्हणून हिरमोडही मोठा झाला. यानाच्या उड्डाणासाठी इंधन हवे, इंधनासाठी खनिजे खणावीत, तर ती ठेवण्यास मोजकेच कप्पे. एक वस्तू घ्यायची, तर दुसरी टाकावी लागे. गोदाम भरलेले असताना दारात ट्रक उभा राहिला की काय होते, हे भिवंडीकरांना सांगायला नको. पुढे अनेक ग्रह जुन्याच नक्षीचे, केवळ रंग बदललेले वाटू लागत. खेळाडूंची परस्परांशी गाठ पडू शकेल, असे कंपनीचे प्रमुख शॉन मरे यांनी आधी सांगितले होते. प्रकाशनानंतर लगेच दोघे खेळाडू ठरवून एकाच ठिकाणी पोहोचले. त्यांना एकमेक दिसलेच नाहीत.

जाहिरातीविषयीच्या तक्रारी ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेकडे गेल्या. नियमभंग झाला नाही, असा निर्णय तिने नोव्हेंबर २०१६ मध्ये दिला. तरीही रुसलेला ग्राहक अशा निर्णयाने परतत नसतो.

कंपनीने वाद न घालता काम चालू ठेवले. त्याच नोव्हेंबरमध्ये पहिली मोठी सुधारणा आली. जुलै २०१८ मध्ये खेळाडू खरोखर एकत्र खेळू लागले. पुढेही अनेक सुधारणा आल्या. जुन्या ग्राहकांकडून त्यांचे मोल घेतले गेले नाही. गेलेले नाव सावरण्यास मात्र अनेक वर्षे लागली.

मुलांनी नव्या खेळाचा हट्ट धरला, तर प्रकाशनानंतर महिनाभर थांबून खेळणाऱ्यांचे अभिप्राय त्यांच्यासोबत वाचावेत. मालाची पारख करण्याचे पहिले शिक्षण त्यांना घरीच मिळेल.