डावखुरा समोर आला की…

२५ सप्टेंबर २०२१. लंडनच्या टॉटनहॅम स्टेडियममध्ये हेवीवेट जगज्जेता अँथनी जोशुआ रिंगणात उतरला, तेव्हा पारडं त्याचंच जड मानलं जात होतं. उंची सहा फूट सहा इंच, वजन १०९ किलोच्या आसपास. आव्हानवीर ओलेक्सांडर उसिक तीन इंचांनी बुटका आणि साडेआठ किलोंनी हलका. पण बारा फेऱ्या झाल्या आणि तिन्ही पंचांनी उसिकच्या बाजूने कौल दिला. उसिक डावखुऱ्या पवित्र्यात लढतो. बॉक्सिंगमध्ये अशा खेळाडूला ‘साउथपॉ’ म्हणतात.

नेहमीचा बॉक्सर डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवतो, जोरकस उजवा मागे राखतो. साउथपॉचं सगळं उलट. त्यामुळे दोघांचे पुढचे पाय एकमेकांच्या वाटेत येतात, बुटावर बूट पडतो, जॅबसाठी पुढे केलेला हात समोरच्याच्या हातात अडकतो. मागच्या हाताची वाट मात्र मोकळी होते. साउथपॉने आपला उजवा पाय प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या पायाच्या बाहेर टाकला, की त्याचा डावा ठोसा थेट हनुवटीच्या रेषेत येतो. उजव्या बरगड्यांखालचं यकृतही त्याच हाताच्या टप्प्यात सापडतं. उसिक त्या रात्री हेच करत राहिला: बाहेर छोटं पाऊल, डावा ठोसा, आणि जोशुआचा उजवा येईपर्यंत जागा सोडलेली.

पण ही भूमिती दोघांनाही सारखीच लागू होते. उजवा बॉक्सरही आपला पाय बाहेर टाकू शकतोच की. मग फायदा डावखुऱ्याचाच का? उत्तर सरावात आहे. डोळ्यांना दिसल्यावर हात हलवायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. जवळून सुटलेला सरळ ठोसा त्याआधीच येऊन आदळतो. म्हणून कसलेला बॉक्सर ठोसा दिसायची वाट पाहत नाही. खांदा, कंबर, पायावरचा भार यांवरून तो आधीच ताडतो. ही नजर हजारो फेऱ्यांच्या सरावातून तयार होते आणि त्यातल्या बहुतेक फेऱ्या उजव्यांशीच झालेल्या असतात, कारण डावखुरी माणसं शंभरात दहाच्या आसपास. डावखुऱ्याचाही सराव मुख्यतः उजव्यांशीच होतो. त्याला समोरचा ओळखीचा असतो, समोरच्याला मात्र तो नवखा. टेनिसमध्येही हे तपासलं गेलं आहे. जर्मन संशोधक नॉर्बर्ट हागेमान यांच्या २००९च्या प्रयोगात फटक्याची दिशा ओळखताना डावखुऱ्यांबाबत निष्णात खेळाडूही जास्त चुकले.

मँचेस्टर विद्यापीठाच्या थॉमस रिचर्डसन आणि टकर गिलमन यांनी तेरा हजारांहून अधिक व्यावसायिक लढवय्यांच्या नोंदी तपासून २०१९मध्ये निष्कर्ष मांडला: लढतीच्या खेळांत डावखुरे समाजातल्या प्रमाणापेक्षा जास्त आहेत आणि जिंकतातही किंचित जास्त. यातला ‘किंचित’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. पैजा लावणारे नेमके तोच विसरतात.

याच जोशुआने २०१६मध्ये आपला पहिला जागतिक किताब चार्ल्स मार्टिन या साउथपॉलाच दुसऱ्या फेरीत आडवं करून मिळवला होता. हेवीवेटचा पहिला साउथपॉ जगज्जेता मायकेल मूरर झाला तो थेट १९९४मध्ये. म्हणजे नुसता डावा हात कुणालाही गादीवर बसवत नाही. ऑगस्ट २०२२मध्ये जेद्दाहला जोशुआ आणि उसिक पुन्हा भिडले, तेव्हा जोशुआ बराच सावध झालेला दिसला; एका पंचाने त्यालाच ११५-११३ असं पुढे ठेवलं. तरी उरलेल्या दोघांच्या गुणांवर उसिकच जिंकला. अनोळखीपणाची धार एका लढतीत बोथट झाली, पण उसिकचं कौशल्य होतं तिथेच राहिलं.

म्हणून जगज्जेता विरुद्ध साउथपॉ असा सामना ठरला, की माझ्या मते दोनच गोष्टी पाहाव्यात: जगज्जेत्याने डावखुऱ्यांशी किती फेऱ्या खेळल्या आहेत आणि पहिल्या दोन फेऱ्यांत कुणाचा पुढचा पाय बाहेर पडतो आहे. ठोशांकडे नंतर बघितलं तरी चालेल.