गाडी 'लो' केली म्हणजे नेमकं काय केलं?

प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. घराघरांतल्या जुन्या पद्मिन्यांना मात्र त्याआधीच बरे दिवस आले होते. कालपर्यंत जिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं, ती आता पुरती खोलून, रंगवून, रुंद रिमा चढवून आणि बहुतेक वेळा 'लो' करून मिरवली जाते. दिसते देखणी, यात वाद नाही. पण गाडी खाली बसवण्याबद्दल जी खात्रीची विधानं गॅरेजात कानावर पडतात, त्यातली निम्मी तपासून घ्यावीत अशी असतात.

'खाली आली की वळणावर पकड वाढते', हे सगळ्यांत लाडकं विधान. ते अर्धंच खरं आहे. वळताना गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकणार, हे गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि डाव्या-उजव्या चाकांतल्या अंतरावर ठरतं. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिलिमीटरवर धरला आणि गाडी ५० मिलिमीटर खाली आणली, तर हे सरकणारं वजन जेमतेम ९ टक्क्यांनी घटतं. फायदा आहे, पण गाडीचा स्वभाव बदलावा एवढा नाही.

आणि गाडी वळणावर कलते किती, हा प्रश्न वेगळाच. पद्मिनीला, म्हणजे मूळच्या फियाट ११०० ला, पुढे दुहेरी विशबोन आणि कॉइल स्प्रिंग आहेत. मागे अखंड ॲक्सल आणि पाटे. बॉडी ज्या बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात, आणि तो बिंदू विशबोनच्या तिरकेपणावर ठरतो. गाडी खाली बसली की विशबोनची चाकाकडची टोकं वर जातात आणि पुष्कळदा रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढलं की कलायला तरफ लांब मिळते. म्हणून स्प्रिंगचा ताठपणा न वाढवता नुसती उंची कमी केलेली गाडी कधीकधी पूर्वीपेक्षा जास्त कलते. मालकाला ते जाणवत नाही, कारण सीटही खाली आलेली असते.

आता स्प्रिंग कापणं. 'वेढा कापला की स्प्रिंग मऊ होते' असं सांगणारे भेटतात. घडतं बरोबर उलट. ताठपणा हा दबणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. असे आठ वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक कापला, तर उरलेली स्प्रिंग सुमारे १४ टक्के जास्त ताठ होते. शिवाय स्प्रिंग विशबोनच्या मधोमध कुठेतरी बसते आणि चाक टोकाला. त्यामुळे स्प्रिंग एक इंच आखूड केली तर चाकापाशी फरक एका इंचापेक्षा बराच जास्त पडतो. 'एकच वेढा काढलाय' म्हणणाऱ्याची गाडी अपेक्षेपेक्षा खाली का बसली, याचं उत्तर इथे आहे.

कापायचीच असेल तर ग्राइंडरच्या चकतीने, तेही लोखंड तापू न देता. गॅसने कापलं किंवा लाल करून बसवलं की त्या जागचं पाणी उतरतं, आणि मग स्प्रिंग बसत जाते किंवा एक दिवस तुटते. काम झाल्यावर एक साधी तपासणी करावी. गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावावेत, चाक पूर्ण लोंबकळू द्यावं आणि स्प्रिंग हाताने हलवून पाहावी. ती खुळखुळत असेल, तर एखाद्या खड्ड्यानंतर ती आपल्या खोबणीत परत नीट बसेलच याची हमी नाही.

मागच्या पाट्यांचं गणित निराळं. एखादं पान काढून टाकलं तर गाडी खाली येते, पण इथे ती खरोखरच मऊ होते, आणि चार माणसं मागे बसली की ॲक्सल रबराच्या स्टॉपवर आदळतो. ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालण्याचा उपाय त्यापेक्षा बरा. मात्र पाटे ॲक्सलच्या खालून गेले असतील तरच मधला ठोकळा गाडी खाली आणतो. पाटे वरून असतील तर तोच ठोकळा ती उचलतो! कोणाच्या तरी फोटोत पाहून सामान आणण्याआधी आपल्या गाडीखाली वाकून बघावं.

या सगळ्यात खरं मोल आहे ते चाकाला वर जायला उरलेल्या जागेचं. चाक वर जाऊन स्टॉपला टेकेपर्यंत समजा ७५ मिलिमीटर जागा आहे. गाडी ५० ने खाली आणली की हातात उरले २५. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गल्लीतल्या हौशी डांबरी उंचवट्यांना तर मापच नसतं. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर फुटतो, सायलेन्सर घासतो, हे डोळ्यांना दिसतं. न दिसणारं नुकसान असं की चाक दर धक्क्याला स्टॉपवर आदळतं आणि तो मार थेट बॉडीच्या जोडांत जातो. जुन्या पत्र्याला तो सोसत नाही.

'अलाइनमेंट केली की झालं' हेही पुरेसं नाही. चाक वर-खाली होताना विशबोन आणि टाय रॉड यांची टोकं एकमेकांशी जुळत्या कमानीत फिरावीत, अशी मूळ रचना असते. उंची बदलली की हा मेळ सुटतो आणि खड्ड्यात चाक आपोआप थोडं वळतं. टायर आतून खाल्ला की सगळे कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या उभ्या तिरकेपणाला, दोष देतात. टायर जास्त खातो तो बहुधा टो, म्हणजे चाकांचं पुढून आत किंवा बाहेर वळलेलं असणं.

आणखी एक गोष्ट, जी हौसेत हमखास राहून जाते. चाळीस वर्षांची स्प्रिंग आधीच बसलेली असते. म्हणून काही कापण्यापूर्वी सपाट जागी, गाडी थोडी मागे-पुढे ढकलून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी माप घ्यावं. जमिनीपासून घेतलेल्या मापात टायरची हवा घोटाळा करते. रबरी बुशचे बोल्टही गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. लोंबकळत्या स्थितीत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

लो करणं हे मुळात रेसिंगचं तंत्र, ही समजूतही अपुरी आहे. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत लोरायडर जन्मले ते सावकाश मिरवण्यासाठी. गाडीचा कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको, असा कायदा तिथे १९५८ पासून लागू झाला. त्यावर रॉन अगिरे याने १९५९ मध्ये कॉर्व्हेटला हायड्रॉलिक बसवले: पोलिस दिसला की गाडी वर, गेला की खाली. कायदा आता तिथे राहिलेला नाही, पण रिमच्या कडेची ती रेघ आजही उत्तम कसोटी आहे. टायर पंक्चर होऊन गाडी रिमवर आली, तरी चेंबर रस्त्याला टेकता कामा नये.

आपल्याकडचा कायदा 'जुनी गाडी आहे, चालतं' असं म्हणत नाही. नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार केलेला नसेल तरच. पद्मिनी या नावाने गाडी १९७४ पासून आली, म्हणजे सुरुवातीच्या गाड्या आताच या वयात शिरल्या आहेत. तेव्हा काढलेल्या मूळ स्प्रिंग भंगारवाल्याला देऊ नका. तेल लावून, कोणती डावी कोणती उजवी ते लिहून, माळ्यावर ठेवा.