दट्ट्यास तडा का जातो?

छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील चितेगाव आज कारखान्यांचे गाव म्हणून परिचित आहे. तथापि भोवतालच्या शेतकऱ्यास विहीर आणि एंजिन यांचे नाते सांगावयास नको. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली, आणि पुढे डिझेल एंजिनाचा आवाज महाराष्ट्रातील मळ्यामळ्यांतून ऐकू येऊ लागला. ऐन उन्हाळ्यात अशा एंजिनाचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, तडकला तर पिकाचे पाणी तुटते. घाईने नवा दट्ट्या बसवावा, तर मूळ दोष तसाच राहिल्यामुळे तोही तडकतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी कारण शोधणे अवश्य होय.

मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या एंजिनात दर दोन फेऱ्यांस एकदा डिझेल पेटते. म्हणजे आठ तासांत दट्ट्यावर ३,६०,००० तडाखे बसतात! अशाने धातूही थकतो, व केसाएवढी चीर हळूहळू वाढत जाते.

मोडलेले तुकडे फेकून न देता गोळा करावेत आणि तुटलेली बाजू निरखावी. तीवर शिंपल्यावरील रेघांसारख्या वक्र रेघा दिसल्यास तडा क्रमाक्रमाने वाढला असे समजावे. त्या जेथून पसरल्या तेच तड्याचे उगमस्थान. सर्व बाजू खडबडीत असून रेघा मुळीच नसतील, तर बहुधा एकाएकी आघात झाला असावा. उदाहरणार्थ, व्हॉल्व्ह दट्ट्यावर आपटला असेल.

तड्याची जागाही बोलकी असते. माथ्यावर बारीक चिरा असतील तर नॉझल गळते काय, भार अधिक आहे काय, हे पाहावे. रिंगांमधील कडा तुटल्या असतील तर डिझेल वेळेपूर्वी पेटत असावे. पिनेजवळचा तडा अतिभाराकडे किंवा चुकीच्या बसवणीकडे बोट दाखवितो. खालचा घेर फुटला असल्यास सिलिंडर झिजून दट्ट्या आत आपटत असावा. घेरावर उभे ओरखडे असतील, तर तेल कमी पडले किंवा एंजिन फार तापले असे जाणावे.

तापण्याचे एक कारण विहिरीतच असते. जड पाण्यातील चुन्याचा थर सिलिंडरभोवतालच्या पाण्याच्या पोकळीत साचतो व उष्णता बाहेर जाऊ देत नाही. ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. म्हणून ॲल्युमिनियमचा दट्ट्या बिडाच्या सिलिंडरात आवळला जातो. तापलेल्या एंजिनात एकदम थंड पाणी ओतणे तर अधिकच घातक. अशाने बीडच तडकते.

डोळ्यांस न दिसणारी चीर शोधण्याची जुनी युक्ती सोपी आहे. दट्ट्या काही वेळ रॉकेलात बुडवावा, पुसून कोरडा करावा आणि त्यावर खडूची पूड चोळावी. चिरेत शिरलेले रॉकेल बाहेर झिरपून पुडीवर ओली रेघ उमटते. हे काम विस्तवापासून दूर व वडीलधाऱ्यांच्या देखतच करावे.

विद्यार्थिमित्रांनो, मोडकी वस्तू पाहून आपण 'काय मोडले?' एवढेच विचारतो. 'का मोडले?' हा दुसरा प्रश्न जो विचारतो, त्याच्या मळ्याचे पाणी तुटत नाही.