रान राखणारी पावले

सर्दीपडसे झाले म्हणजे रुमालावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकून ते हुंगण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ घरांतून आहे. हे तेल ज्या झाडाच्या पानांतून काढतात, त्या झाडालाही आपण निलगिरी असेच म्हणतो. परंतु निलगिरी पर्वत हे काही त्याचे मूळ घर नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी दक्षिण भारतातील त्या पर्वतावर याची लागवड केली आणि पर्वताचेच नाव झाडाला चिकटले. त्याची खरी जन्मभूमी म्हणजे ऑस्ट्रेलिया खंड. शास्त्रीय भाषेत या वृक्षांना युकॅलिप्टस म्हणतात. त्यांच्या शेकडो जाती तेथे रानोमाळ पसरलेल्या आहेत. काही जाती झुडपाएवढ्याच राहतात, तर काही इतक्या उंच वाढतात की त्यांचा शेंडा पाहताना मान दुखावी.

या वृक्षांचे वागणे मोठे विलक्षण असते. त्यांपैकी पुष्कळांची पाने आडवी न पसरता खाली लोंबत राहतात. त्यामुळे दुपारचे प्रखर ऊन त्यांवर सरळ पडत नाही व पाण्याची बचत होते. कित्येक जाती दरवर्षी साल टाकतात आणि सालीच्या लांबच लांब पट्ट्या खोडावरून लोंबू लागतात. वणवा लागून सारे रान काळे पडले, तरी या झाडांच्या जाड सालीखाली सुप्त अंकुर जिवंत असतात. काही आठवड्यांतच जळक्या खोडावर कोवळी पालवी फुटते आणि मेलेले वाटणारे रान पुन्हा श्वास घेऊ लागते.

अशा वृक्षांचा एक मोठा प्रदेश सिडनी शहराच्या पश्चिमेस आहे. त्याचे नाव ब्लू माउंटन्स, म्हणजे निळे डोंगर. वास्तविक हे एक वालुकाश्माचे विस्तीर्ण पठार आहे. लक्षावधी वर्षे वाहणाऱ्या नद्यांनी ते कोरून काढले व त्यात खोल दऱ्या आणि उभे कडे निर्माण केले. दुरून पाहिले असता या साऱ्या प्रदेशावर निळसर धुके पसरलेले दिसते. युकॅलिप्टसच्या पानांतून हवेत मिसळणाऱ्या तेलाच्या सूक्ष्म कणांमुळे ही निळाई अधिक गडद होते, असे सांगितले जाते. धरुग, गुंडुंगुरा इत्यादी आदिवासी समाज या भूमीत हजारो वर्षांपासून नांदत आले आहेत. येथील पहिल्या पायवाटा त्यांच्याच पावलांनी पडल्या.

ऑस्ट्रेलियात रानाला ‘बुश’ म्हणतात आणि रानातून पायी हिंडण्याला ‘बुशवॉकिंग’. पाठीवर शिधा, पाणी व अंथरूण-पांघरूण बांधून, कधी मळलेल्या वाटेने तर कधी केवळ नकाशा व होकायंत्राच्या आधाराने दोन-चार दिवस रानात काढावयाचे, असा हा छंद आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिडनीत तो चांगलाच रुजला. १९१४ साली माइल्स डन्फी नावाच्या तरुणाने आपल्या मित्रांसह अशा भटक्यांचे एक मंडळ काढले. पुढे १९२७ साली सिडनी बुश वॉकर्स हे दुसरे मंडळ निघाले. त्यात स्त्रियांनाही प्रवेश होता. ही मंडळी आठवडाभर शहरात नोकरीचाकरी करीत आणि सुट्टी लागली की आगगाडीने डोंगर गाठून दऱ्यांत उतरत.

१९३१ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत अशीच एक टोळी ग्रोस नदीच्या दरीत उतरली होती. ब्लॅकहीथ गावाजवळच्या कड्यावरून या दरीत उतरणारी वाट सुमारे ६०० मीटर खाली जाते. उतरताना गुडघे थकतात, पायांखालचे दगड निसटतात. परंतु तळाशी पोहोचल्यावर सारा शीण विसरावा असे दृश्य समोर येते. नदीकाठच्या सपाटीवर निळ्या गोंद वृक्षांचे, म्हणजे ‘ब्लू गम’ जातीच्या युकॅलिप्टसचे, एक अरण्य उभे आहे. त्यांचे निळसर पांढरे, गुळगुळीत बुंधे एखाद्या मंदिराच्या खांबांप्रमाणे सरळ वर गेलेले आहेत. ती टोळी या अरण्यात मुक्कामास होती. तेथे तिला एक गृहस्थ भेटले. त्यांनी ती चाळीस एकर जमीन सरकारकडून पट्ट्याने घेतली होती. ही झाडे तोडून तेथे अक्रोडाची बाग लावण्याचा त्यांचा विचार होता.

ते गृहस्थ काही दुष्ट नव्हते. जमीन कायदेशीर रीतीने त्यांच्या ताब्यात होती आणि तिच्यातून उत्पन्न काढण्याची इच्छा धरणे यात गैर असे काहीच नव्हते. भटक्यांनीही त्यांच्याशी भांडण मांडले नाही. ‘आपण या जमिनीवरील हक्क सोडावा, त्याचा मोबदला आम्ही देऊ,’ असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात उभय पक्षांची बैठक त्या झाडांखालीच, भर पावसात झाली. अखेर १३० पौंडांवर सौदा ठरला.

आज ही रक्कम क्षुल्लक वाटेल; पण तो काळ जागतिक मंदीचा होता. कारखाने बंद पडत होते व हजारो लोक बेकार झाले होते. भटक्यांपैकी कुणीच श्रीमंत नव्हते. तरीही त्यांनी वर्गणी काढली, लहानमोठ्या कार्यक्रमांतून पैसे उभे केले, आणि तरीही जी तूट राहिली ती एका निसर्गप्रेमी गृहस्थाने उसने पैसे देऊन भरून काढली. १९३२ साली पैसे चुकते झाले आणि ते अरण्य सर्व लोकांसाठी राखून ठेवल्याचे सरकारने जाहीर केले. ज्यांनी वर्गणी दिली, त्यांच्या नावावर त्यातले एकही झाड झाले नाही. ते झाड उभे राहावे एवढाच त्यांचा लाभ. पुढे डन्फी व त्यांच्यासारख्या इतरांच्या अखंड खटपटीमुळे १९५९ साली तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, आणि २००० साली या साऱ्या प्रदेशाची गणना जागतिक वारशात करण्यात आली.

परंतु गोष्ट येथेच संपत नाही. अरण्य वाचले, तशी त्याची कीर्ती पसरली आणि ते पाहण्यासाठी माणसांची रीघ लागली. तंबू, चुली व असंख्य पावले यांमुळे झाडांखालची माती घट्ट होऊ लागली. घट्ट मातीत पाणी मुरत नाही व बीही रुजत नाही. तेव्हा त्या अरण्यात मुक्काम करण्यास मनाई करावी लागली व तळ ठोकण्याची जागा थोड्या अंतरावर ठरवून देण्यात आली. कुऱ्हाडीपासून ज्यांनी अरण्य सोडविले, त्यांच्याच मागून येणाऱ्या पावलांपासून त्याला जपण्याची वेळ आली.

हाच धडा पुढे एका दुसऱ्या वृक्षाने अधिक कठोरपणे शिकविला. सिडनीच्या वायव्येस वॉलेमाय नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९९४ सालच्या सप्टेंबर महिन्यात डेव्हिड नोबल हे उद्यान विभागातील कर्मचारी सुट्टीच्या दिवशी दोन मित्रांसह तेथील एका अरुंद घळीत दोरांच्या साहाय्याने उतरले. तळाशी त्यांना काही अनोळखी उंच झाडे दिसली. त्यांची साल काळसर व फोडाफोडांची होती, आणि पाने नेच्यासारखी दिसत होती. नोबल यांनी एक डहाळी सोबत आणली. ती नेच्याची किंवा झुडपाची असावी असे जाणकारांना प्रथम वाटले. प्रत्यक्षात ती एका प्रचंड वृक्षाची होती. आपल्याकडील बागांत शोभेसाठी लावतात त्या अरोकेरियाच्या कुळातील हा वृक्ष होता. त्याच्याशी नाते सांगणारे अवशेष कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडले होते. परंतु जिवंत झाड कुणा शास्त्रज्ञाच्या पाहण्यात आले नव्हते. या वृक्षाला ‘वॉलेमिया नोबिलिस’ असे शास्त्रीय नाव देण्यात आले. त्यात त्या रानाचे व शोधकाचे, दोघांचेही स्मरण आहे.

रानात वाढलेली या जातीची पूर्ण वाढीची झाडे शंभरसुद्धा नाहीत. शिवाय ती सारी एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की एकाला जडलेला रोग सर्वांनाच ग्रासू शकेल. म्हणून त्यांची जागा गुप्त ठेवण्यात आली. असे असूनही २००५ साली मुळे कुजविणारा एक सूक्ष्म जीव तेथे आढळला. परवानगीवाचून गेलेल्या कुणाच्या तरी बुटांच्या चिखलातून तो पोहोचला असावा, असे तज्ज्ञांचे अनुमान आहे. त्या माणसाने कदाचित एक पानही तोडले नसेल. त्याला केवळ ते झाड पाहावयाचे होते.

पुढे २०१९ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात भीषण वणवे पेटले व आग त्या घळीकडे सरकू लागली. तेव्हा अग्निशामक जवानांना हेलिकॉप्टरमधून दोराने खाली उतरविण्यात आले. त्यांनी झाडांभोवती पाण्याचे फवारे बसविले, आणि विमानांनी सभोवतालच्या रानावर आग रोखणारे द्रव्य टाकले. काही झाडे होरपळली. परंतु बहुतेक वाचली. दरम्यान या वृक्षाची रोपे तयार करून ती सर्वसामान्यांसाठी विक्रीस ठेवण्यात आली होती. ज्याला हा वृक्ष पाहावयाचा असेल, त्याने तो उद्यानात किंवा आपल्या अंगणात पाहावा, आणि घळीतील झाडांना त्यांच्या एकांतात राहू द्यावे, असा त्यामागील एक हेतू होता.

आज त्या डोंगरांत हिंडणारा जाणता भटक्या निघण्यापूर्वी आपण कोठे जातो व केव्हा परतणार हे कुणाला तरी सांगून ठेवतो. पाणी पुरेसे घेतो. बुटांना लागलेली माती घासून, धुऊन काढतो. वाट सोडून कोवळ्या रोपांवर पाय ठेवीत नाही, आणि नेलेला कचरा परत आणतो. या गोष्टी दिसावयास लहान आहेत. परंतु १३० पौंडांची ती वर्गणीही लहान लहान नाण्यांचीच झाली होती. ती पावले दरीत उतरली नसती, तर निळ्या गोंद वृक्षांचे ते अरण्य कुऱ्हाडीखाली गेले असते. आणि काही पावले दूर राहिली म्हणूनच वॉलेमायची घळ जिवंत आहे. रानावर ज्याचे खरे प्रेम आहे, त्याला कोठे जावे हे जसे कळते, तसेच कोठे थांबावे हेही कळावे लागते.