खेळायला नेऊ कुठे?

मुंबईत संसार मांडायचा म्हटलं की जागा, पाणी आणि लोकलची गर्दी या तीन काळज्या ठरलेल्याच. घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल, तर चौथी काळजी आठवडाभरात समोर येते. आपल्याकडे दार उघडलं की ओटा, पुढे अंगण, पलीकडे देवळाचं पटांगण. मुलाला खेळायला न्यावं लागत नाही, उलट जेवायला हाका मारून आणावं लागतं. मुंबईच्या दोन खोल्यांत तेच मूल दिवसभर टीव्हीसमोर किंवा मोबाईल घेऊन बसतं, जेवताना रडतं, रात्री झोपत नाही. "हट्टी झालाय नुसता," असं आपण म्हणतो. बिचाऱ्याला धावायला मिळालेलं नसतं, एवढंच!

बदली होऊन जाणाऱ्या सुना, लेकीची मुलं सांभाळायला जाणाऱ्या आज्या, सुट्टीत नणंदेकडे उतरणाऱ्या मैत्रिणी, सगळ्यांनाच हा प्रश्न पडतो. मुंबईत चांगल्या जागा आहेत, पण त्या शोधाव्या लागतात.

आधी नावाजलेल्या जागा बघू. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कमधला 'म्हातारीचा बूट' कोणाला ठाऊक नाही? समोरच हँगिंग गार्डन. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ सालची. तिथली जुनी झाडं बघण्यासारखी, आणि २०१७ पासून पेंग्विनही आहेत. फक्त बुधवारी बाग बंद असते, हे लक्षात ठेवा. नाहीतर कल्याणहून लेकरं घेऊन जायचं आणि फाटकावरून परतायचं! धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर एके काळच्या कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलेलं रान आहे. मुलांना पानं, किडे, फुलपाखरं दाखवायला छान.

पण या झाल्या सहलीच्या जागा, वर्षातून दोनदा जायच्या. मुलाला खेळ रोज लागतो, जेवणासारखा. त्यामुळे घरापासून दहा मिनिटांत पायी जाता येईल, तीच लहान मुलाची खरी बाग. मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल, तर आठ दिवसांत आपलाच उत्साह मावळतो.

अशी जागा शोधायची कशी? बालवाडीच्या दारात उभ्या असलेल्या आयांना विचारा. त्यांच्यासारखी माहिती कोणाकडे नसते. संध्याकाळी पाचच्या सुमारास मूल बरोबर न घेता एक चक्कर मारा. बाकांवर आज्या बसल्यात का, बायका निवांत गप्पा मारताहेत का, ते पाहा. जिथे पत्त्यांचे डाव नि सिगारेटचा धूर असेल, तिथून सरळ मागे फिरा.

मग खेळणी तपासा. घसरगुंडी नि झोपाळ्याखाली वाळू, माती किंवा रबराचा थर हवा. फरशी किंवा सिमेंट असेल तर मुलाला तिथे चढवू नका. पत्र्याची घसरगुंडी उन्हात तापते, आधी स्वतःचा हात लावून पाहा. झोपाळ्याच्या साखळ्या, गंजलेले खिळे, तुटलेल्या फळ्या बघा. लहानांची खेळणी मोठ्या मुलांच्या क्रिकेटपासून दूर आहेत का? फाटक लागतं का? पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह आहे का? पावसाळ्यात शेवाळ धरतं, तेव्हा दुप्पट लक्ष ठेवा.

खेळणी नसली तरी बिघडत नाही. दादरचं शिवाजी पार्क १९२५ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे एका बाजूला क्रिकेटची नेट्स, दुसरीकडे मल्लखांब, आणि कट्ट्यावर बसलेली माणसं. लहानग्याला चेंडूमागे पळायला एवढं पुरतं. माटुंगा-दादरच्या पारशी कॉलनीतलं फाइव्ह गार्डन्स झाडांच्या सावलीमुळे लहानांना सोयीचं. चौपाटीजवळ राहत असाल तर वाळूसारखं खेळणं नाही. एक डबा नि चमचा द्या, तासभर मूल रमतं. फक्त पाण्याकडे पाठ करून बसू नका.

आता थोडं कडू बोलते. ही मैदानं आपोआप टिकत नाहीत. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराच्या विकास आराखड्यात मैदानं, बागा यांसाठी जागा आरक्षित असतात. पण आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत ती जागा ताब्यात आली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. तरीही ठरल्या मुदतीत पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. आणि गेलेलं मैदान परत मिळत नाही.

हा कायदा फक्त मुंबईचा नाही, तुमच्या-माझ्या गावच्या नगरपरिषदेलाही तोच लागू आहे. नवा आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचना मागवतात. तेव्हा भिशीतल्या, हळदीकुंकवाच्या मैत्रिणींनी मिळून जाऊन नकाशा पाहावा. आपल्या वॉर्डात खेळाचं मैदान कुठे दाखवलंय, तिथे आज काय आहे, हे विचारावं. अर्ज द्यायला वकील लागत नाही. साध्या मराठीत लिहा, दहा जणींच्या सह्या घ्या आणि पोचपावती मागून घ्या. मुंबईत झोपाळा तुटला असेल तर वॉर्ड ऑफिसात तक्रार द्या. महापालिकेचा १९१६ हा क्रमांकही आहे.

रोज वापरात असलेलं मैदान गिळणं कोणालाही जड जातं. रिकामं, कचरा पडलेलं मैदान मात्र सहज हातचं जातं. म्हणून मैत्रिणींनो, मुंबईत असा की आपल्या गावी, आज संध्याकाळी कुकर लावायच्या आधी तासभर मुलांना घेऊन बाहेर पडा. मूल दमून येईल, पोटभर जेवेल, आणि मैदानही जागतं राहील.