विमान गाठायचंय? मग लोकल पकडा!

मुलांनो, दिल्लीहून मुंबईला विमान साधारण दोन-सव्वादोन तासांत येतं. आणि संध्याकाळच्या गर्दीत मुंबई विमानतळावरून टॅक्सीनं कुलाबा गाठायचा म्हटलं, तर कधी कधी दीड-दोन तास त्यातच जातात! आहे की नाही गंमत? बरं, टॅक्सीचं भाडं सगळ्यांना परवडतं असंही नाही. विमानतळावर झाडलोट करणारे, सामान उचलणारे, दुकानं सांभाळणारे हजारो लोक रोज तिथं येतात-जातात. त्यांना बस, लोकल आणि मेट्रोचाच आधार.

आधी एक पक्कं लक्षात ठेवा. मुंबईच्या या विमानतळाला दोन टर्मिनल आहेत. टर्मिनल १ आहे विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल २ सहारला. परदेशी जाणारी विमानं टर्मिनल २ वरून सुटतात. देशातली काही इथून, तर काही तिथून. रस्त्यानं दोघांमध्ये काही किलोमीटरचं अंतर आहे. चुकीच्या टर्मिनलला गेलात तर धावपळ ठरलेलीच! म्हणून घरातून निघतानाच तिकिटावरचा आकडा वाचायचा.

पूर्वी लोकलनं येणारी माणसं टर्मिनल १ साठी विलेपार्ल्याला आणि टर्मिनल २ साठी अंधेरीला उतरायची. पुढे बेस्टची बस नाहीतर रिक्षा. आजही हा मार्ग चालतो. फक्त ऑफिसच्या वेळी मोठ्या बॅगा घेऊन लोकलमध्ये शिरायचं धाडस करू नका.

८ जून २०१४ ला वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली. तिच्यावर ‘एअरपोर्ट रोड’ नावाचं स्टेशन आहे. नाव ऐकून वाटतं, उतरलं की समोर विमान! पण तिथून टर्मिनलला जायला पुन्हा बस किंवा रिक्षा करावीच लागते. नावावर जाऊ नये ते असं.

खरी सोय झाली मेट्रो ३ मुळे. आरे ते कफ परेड हा साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग जवळजवळ सगळाच जमिनीखाली आहे. २७ स्टेशनांपैकी आरे तेवढं जमिनीवर. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, तर कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. दोन्ही टर्मिनलना या मार्गावर आपापलं स्टेशन आहे आणि दोघांच्या मध्ये सहार रोड.

विमानतळाच्या आसपास उंच बांधकाम करायला बंधनं असतात, आणि जमिनीवर तर घरांची दाटी. मग वाट काढायची कुठून? जमिनीच्या पोटातून! बोगदा खणणाऱ्या अजस्र यंत्रांना नद्यांची नावं दिली होती. त्यातली ‘गोदावरी’ मरोळच्या पाली मैदानाजवळून खणत निघाली आणि सव्वा किलोमीटर खडक फोडून सप्टेंबर २०१८ मध्ये टर्मिनल २ च्या स्टेशनात बाहेर आली. मेट्रो ३ च्या कामात पलीकडे पोहोचलेलं हे पहिलं यंत्र, बरं का!

आता पुण्याहून रेल्वेनं सीएसएमटीला आलेला मुलगा तिथंच मेट्रो ३ मध्ये बसून थेट विमानतळावर जाऊ शकतो. ठाणे-कल्याणच्या मंडळींनी घाटकोपरला उतरायचं, पहिल्या मेट्रोनं मरोळ नाक्याला यायचं आणि तिथं गाडी बदलायची. पुढचंच स्टेशन टर्मिनल २! २०२५ मध्ये मेट्रो ३ चं तिकीट १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत होतं.

एक अडचण मात्र उरतेच. परदेशातली बरीच विमानं मध्यरात्री किंवा पहाटे येतात-जातात. त्या वेळी मेट्रो बंद असते आणि लोकलही काही तास झोपलेल्या असतात. रूळ आणि तारा तपासायला तोच वेळ मिळतो ना! त्यामुळे रात्री दोनला उतरणाऱ्या प्रवाशाला आणि पाळी संपवून घरी निघालेल्या कामगाराला एकच प्रश्न पडतो : आता जायचं कसं? रात्रीच्या बसगाड्या तेव्हाच मोलाच्या वाटतात.

तर आता वही-पेन्सिल घ्या आणि मुंबईचा नकाशा समोर ठेवा. बोरिवलीच्या आजींना सकाळी दहा वाजता टर्मिनल २ ला पोहोचायचंय, तेही टॅक्सी किंवा रिक्षा न करता. गाड्या कुठे बदलायच्या आणि घरातून किती वाजता निघायचं? आई-बाबांनाही विचारा. बघा बरं, तुमचं आणि त्यांचं उत्तर जुळतंय का!